बिऱ्हाडाचे घर होताना

बोरिवलीच्या पूर्वेस, कृष्णगिरीच्या काळ्या कातळात, इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सुमारे दहाव्या शतकापर्यंत कोरल्या गेलेल्या शंभरांहून अधिक लेण्यांकडे आपण सामान्यतः शिल्पाच्या किंवा धर्माच्या दृष्टीने पाहतो. परंतु कान्हेरीची बहुसंख्य लेणी ही भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत, आणि बाहेर एक ओसरी, आत एक दालन, भिंतीलगत निजण्यापुरता दगडी ओटा व दाराशी पावसाचे पाणी साठविण्याची पोढी, असा त्यांचा आराखडा पाहिला म्हणजे माणसाला राहण्यास किमान काय लागते याची नोंदच या साष्टी बेटाने दगडात करून ठेवली आहे असे वाटते. ज्यांनी स्वतःची घरे सोडली होती अशांसाठी ही निवासस्थाने कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या दात्यांनी करविली, आणि आपल्या दानलेखांत लेण्याबरोबर पाण्याच्या पोढीचाही उल्लेख करण्यास ते विसरले नाहीत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे आज राहणाऱ्या मनुष्यास घर म्हणजे काय वाटते याचा विचार करू लागलो की मला प्रथम या दात्यांचे स्मरण होते. कारण साष्टीत घर एकट्या कुटुंबाने क्वचितच उभारले, ते बहुधा अनेकांच्या साहाय्याने उभे राहिले, वहिवाटीने रुजले, आणि त्याचा कागद नेहमी मागाहून आला.

या बेटाचे मूळ रहिवासी कोळी, आगरी, भंडारी, कुणबी आणि डोंगरातील पाड्यांवरचे वारली. १५३४ च्या तहाने वसई व तिच्यासह साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हापासून येथील गावांतून क्रूस उभे राहिले व देवळांचे रूप पालटले. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यावर मठ व चर्च बांधले गेले ते याच काळात. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या हाती वसई आली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्यासह बेट हस्तगत केले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांचा कब्जा कायम झाला. राज्ये अशी बदलत असता गावठाणे मात्र जागची हलली नाहीत. विहीर, क्रूस किंवा देऊळ, भाताची खाचरे आणि खाडीकडे उतरणारी वाट यांच्या आधारावर अंबोली, चकाला, मरोळ, एकसर, गोराई ही गावे टिकून राहिली, आणि मुंबई नावाचे शहर त्यांच्या दारापर्यंत येण्यापूर्वी कित्येक पिढ्या ती कोणाची तरी घरे होती. येथील ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली, तिच्या मुळाशीही बाहेरून येणाऱ्यांच्या गर्दीत आपण येथले आहोत हे सांगण्याची निकड होती.

घराशी असलेला संबंध भिंती पडल्यावरही कसा उरतो याचे मला ठाऊक असलेले सर्वांत हृद्य उदाहरण याच भागातले आहे. अंधेरीच्या पूर्वेस कोंदिविट्याजवळ १५७९ मध्ये बांधलेले सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे सोडून द्यावे लागले आणि वस्ती मरोळकडे सरली. पुढे १९७३ मध्ये त्या भूमीवर ‘सीप्झ’ हे निर्यात-उद्योगांचे कुंपणबंद क्षेत्र झाले, आणि ते भग्न चर्च कारखान्यांच्या आवारात अडकून पडले. तरीही पूर्वीच्या गावकऱ्यांचे वंशज वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, तेथे प्रार्थनेसाठी जमतात. ज्या गावात त्यांच्यापैकी कोणीही जन्मले नाही, जेथे राहण्याचा त्यांना कोणताही दाखला मिळणार नाही, त्या गावाची वहिवाट त्यांनी अशा रीतीने दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू ठेवली आहे.

कंपनी सरकारच्या अमदानीत साष्टीतील पुष्कळ गावे धनिकांस खोतीने वा अन्य सवलतींनी दिली गेली. पवईचा परिसर फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे गेला, आणि तेथे त्यांनी उसाच्या व फळझाडांच्या लागवडीचे मोठे प्रयोग केले. जमिनीचा धनी एक आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा दुसरा, ही व्यवस्था अशा तऱ्हेने येथे दृढ झाली. १९५१ च्या साष्टी इस्टेटींच्या कायद्याने त्या जमिनींची महसूलमाफी रद्द केली. तथापि मोठमोठ्या इस्टेटींच्या सीमा उपनगरांच्या नकाशावर अद्यापि ओळखू येतात, आणि आजच्या कित्येक वसाहतींचे दस्तऐवज मागे मागे शोधीत गेले तर ते एखाद्या खोतापाशी जाऊन थांबतात.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या शेतांमधून. पश्चिमेकडील लोहमार्ग त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी तयार झाला. परंतु गाडी आली म्हणून माणसे लगोलग राहावयास आली असे झाले नाही. मुंबईतील मराठी चाकरमान्याचे बिऱ्हाड गिरगावात, परळात, लालबागेत. त्याचे घर रत्नागिरी, सातारा किंवा कुलाबा जिल्ह्यात. मुंबईत खोली असे, बायकामुले पुष्कळदा गावी असत, एका गावचे पंधरा-वीस गिरणी कामगार एका गाळ्यात पाळीपाळीने निजत, खानावळीत जेवत, आणि पगारातून मनिऑर्डर करून उरलेल्यात दिवस काढीत. गणपती गावच्या घरी बसत, शिमग्याची पालखी गावच्या अंगणात नाचे, आणि वृद्धापकाळी परत जावयाचे ठिकाणही तेच असे. ज्या शहरात आयुष्याची तीस-चाळीस वर्षे गेली त्या शहरास ही माणसे कधी घर म्हणत नसत. याला मी उपरेपणा म्हणणार नाही. त्यांच्या घराच्या कल्पनेत जमीन, कुलदैवत, भाऊबंद आणि मृत पूर्वज यांना जे स्थान होते ते दहा बाय दहाच्या खोलीत मावणारे नव्हते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक संनिपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला आणि त्या साथीने मुंबईकरांना दाटीच्या वस्तीचे भय प्रथमच इतक्या प्रखरपणे दाखविले. लक्षावधी माणसे शहर सोडून गेली. ज्यांना ऐपत होती त्यांनी वांद्र्यापलीकडे, मोकळ्या हवेत, जागा शोधण्यास प्रारंभ केला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार मंडळाने, ज्याला लोक ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ म्हणत, दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या, आणि उत्तरेकडे सरकण्याची दिशा निश्चित झाली. तरीसुद्धा मध्यमवर्गीय माणसास स्वतःच्या बळावर जागा घेणे अशक्यच होते, आणि ही कोंडी फोडली ती सहकाराने. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे १९१५ मध्ये नोंदविली गेलेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही या क्षेत्रातील आद्य संस्था मानली जाते. १९१८ च्या सुमारास वांद्र्यात साष्टीच्या कॅथलिकांचीही संस्था उभी राहिली. जमीन संस्थेची, घर सभासदाच्या कब्जात, आणि हक्काचे प्रमाण म्हणजे एक भागपत्र, ही युक्ती आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील नावीन्य ध्यानात येत नाही; परंतु वडिलोपार्जित वाड्याच्या किंवा घरमालकाच्या खोलीच्या पलीकडे, परक्या कुटुंबांबरोबर समान भागीदारीत घर असू शकते, हा विचार महाराष्ट्राच्या कौटुंबिक जीवनात फार मोठा होता.

आता हेही सांगितले पाहिजे की या संस्था बहुधा जातीच्या किंवा धर्माच्या सीमेत बांधलेल्या होत्या, आणि ज्यांना त्या सीमेबाहेर ठेवले गेले त्यांना उपनगराची मोकळी हवा फार उशिरा मिळाली. सहकाराचे श्रेय देताना हे न्यून झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

१९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निराळा काढण्यात आला. १९२२ मध्ये क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी मुलुंडचा आराखडा केला, त्यातील काटकोनात छेदणारे रस्ते आणि पाच रस्त्याचा चौक आजही त्या गावाचा सांगाडा होऊन राहिले आहेत. जानेवारी १९२८ मध्ये विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली, आणि कचेरीत नोकरी करणाऱ्या माणसास पास काढून रोज येणे-जाणे शक्य झाले. परंतु या काळाचा खरा इतिहास मला रेल्वेच्या वेळापत्रकात सापडत नाही. तो पार्ल्यात सापडतो. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर वर्षभरातच, १९२१ मध्ये, तेथील रहिवाशांनी पार्ले टिळक विद्यालय काढले, आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ स्थापन केला. दिव्याबत्तीची व रस्त्यांची सोय बेताची, पावसाळ्यात चिखल, संध्याकाळनंतर सामसूम, अशा ठिकाणी नुकत्याच राहावयास आलेल्या, आणि बहुतेक भाड्यानेच राहणाऱ्या, माणसांनी प्रथम शाळा काढावी, मग वाचनालय व व्याख्याने यांची व्यवस्था करावी, यात घराविषयीची एक संपूर्ण दृष्टी आहे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्यास छावणी पडली, जमनालाल बजाज, किशोरलाल मशरूवाला यांच्यासारखी माणसे तेथे राहिली, आणि कारकुनांचे हे लहानसे गाव राष्ट्राच्या इतिहासात आपले नाव नोंदवून गेले. पु. ल. देशपांडे यांचे बालपण प्रथम जोगेश्वरीच्या सारस्वत बागेत आणि नंतर याच पार्ल्यात गेले, टिळक विद्यालयातच ते शिकले. आपण कोठले, असे विचारले असता ज्याने रत्नागिरीचे किंवा कारवारचे नाव न घेता ‘पार्ल्याचा’ असे उत्तर दिले असा मराठी मनुष्य प्रथम या पिढीत निर्माण झाला. त्याच्याजवळ घराची मालकी असेल वा नसेल. त्याच्याजवळ शाळा होती, संघाचे सभागृह होते, आणि तेथे त्याला नावाने ओळखणारी माणसे होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र झपाट्याने बदलले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. बिऱ्हाडकरूस अभय मिळाले, घरमालकाचा उत्साह मावळला, आणि भाड्याची नवी घरे बांधणे हळूहळू थांबून पागडीचा व्यवहार रूढ झाला. फाळणीने घरे गमावलेले सिंधी निर्वासित मुलुंडच्या आणि चेंबूरच्या छावण्यांत आले. सिंधूच्या तीरावरील हवेल्या सोडून लष्करी बराकींत संसार मांडणाऱ्या या लोकांनी काही वर्षांतच मुलुंड कॉलनीत शाळा, मंदिरे आणि बाजार उभे केले, आणि ज्यांना परत जावयाचे गावच उरलेले नव्हते त्यांनी उपनगरास घर मानण्यात आम्हा चाकरमान्यांवर आघाडी घेतली. सरकारी गृहनिर्माण मंडळाने घाटकोपरला पंतनगर, विक्रोळीस कन्नमवार नगर व टागोर नगर, अंधेरीस दादाभाई नौरोजी नगर अशा वसाहती बांधल्या. वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर यांच्या स्वतंत्र नगरपालिका जाऊन १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली.

हद्द वाढली, पण पाणी वाढले नाही. येथे साष्टीच्या इतिहासातील एक जुना अन्याय सांगणे प्राप्त आहे. मुंबईस नळाचे पाणी देण्यासाठी १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार तलाव, १८७९ चा तुळशी, १८९१ चा पवई, हे तिन्ही तलाव या बेटाच्या डोंगरांत. विहारच्या पाण्याखाली येथली गावे गेली, आणि पाणी मात्र नळांवाटे दक्षिणेकडे, शहराकडे वाहत गेले. शंभर वर्षांनंतरही तलावांच्या पायथ्याशी राहणाऱ्या गोरेगावातील स्त्रिया हंडे घेऊन रात्री-अपरात्री रांगेत उभ्या राहत. १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांनी हा प्रश्न हाती घेतला, मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना जाब विचारला, आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी त्यांना प्रेमाने दिले. घराचा विचार बहुधा पुरुषांनी मालकीच्या, भावकीच्या आणि प्रतिष्ठेच्या भाषेत केला. या स्त्रियांनी तो पाण्याच्या भाषेत केला, आणि माझ्या मते तो अधिक खरा होता. ज्या स्वयंपाकघरात नळाला पाणी नाही तेथे भागपत्राचे काय मोल, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

ज्यांच्याजवळ कागदच नव्हता त्यांची कथा अधिक कठोर आहे. शहरातून उठविलेल्या झोपडीवासीयांना १९५० च्या सुमारास महापालिकेनेच ट्रॉम्बेजवळ जागा दाखविली. त्या लोकांनी दलदल भरून, वाटा बांधून, शाळा आणि प्रार्थनास्थळे उभारून ‘जनता कॉलनी’ वसविली. शेजारी अणुसंशोधन केंद्र विस्तारू लागले, वसाहत हलविण्याचा हुकूम निघाला, रहिवासी न्यायालयापर्यंत गेले. आणि आणीबाणीच्या काळात, मे १९७६ मध्ये, पोलिसांच्या बंदोबस्तात हजारो कुटुंबांची ती वस्ती जमीनदोस्त झाली. लोकांना जवळच्या चीता कॅम्पच्या पाणथळ जागेत नेण्यात आले, आणि तेथे त्यांनी पुन्हा भराव घालण्यापासून आरंभ केला. दोनदा स्वतःच्या हातांनी भूमी तयार करून तिच्यावर राहिलेल्या या माणसांना अतिक्रमण करणारे म्हणावे, हे मला कधीही पटलेले नाही. त्याच वर्षाच्या जानेवारीत झालेल्या झोपड्यांच्या गणतीत ज्यांची नोंद झाली त्यांना फोटोपास मिळाला. तो, शिधापत्रिका आणि मतदारयादीतील नाव, एवढी कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, जपून ठेवण्याची रीत तेव्हापासून हजारो घरांत आहे. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला, परंतु पूर्वसूचना देऊन झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने पात्र कुटुंबास २२५ चौरस फुटांचे घर देऊ केले. पुढे ते क्षेत्र २६९ आणि नंतर ३०० चौरस फूट झाले. पात्र आणि अपात्र हे दोन शब्द तेव्हापासून या वस्त्यांत जन्ममृत्यूइतक्या गांभीर्याने उच्चारले जातात.

मध्यमवर्गाच्या घरात मोठा पालट घडविला तो ‘ओनरशिपच्या ब्लॉक’ने. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा यांनी विकासक, खरेदीदार आणि संस्था यांचे परस्परसंबंध ठरविले, आणि कर्ज काढून, दागिने मोडून, क्वचित गावची जमीन विकून, बोरिवलीस किंवा मुलुंडला वन रूम किचन घेणे हा गिरगावकराच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगाव उजाड होऊ लागले, तेव्हा लालबाग-परळच्या खोल्या विकून कामगारांची कुटुंबेही दहिसर, भांडुप आणि त्याहीपलीकडे गेली. मृणाल गोरे, बाबूराव सामंत प्रभृतींच्या नागरी निवारा परिषदेने नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन, दीर्घ लढा देऊन, गोरेगावच्या दिंडोशीत अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी हजारो घरे बांधविली. तालमकींनी लावलेल्या रोपाचे हे सर्वांत उदार फळ, कारण येथे सभासद होण्यास जातीची अट नव्हती.

याच दशकांत एक गोष्ट घडली जिची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. गावचे गणपती एकेका कुटुंबाने उपनगरातील ब्लॉकमध्ये आणले. थोरल्या भावाचे वय झाले, गावच्या घराची कौले कोण शाकारणार हा प्रश्न पडला, मुलांना रजा मिळेना, आणि एके वर्षी देवाचा पाट गावाहून मुंबईस आला. कित्येक घरांत या निर्णयावर महिनोन्‌महिने चर्चा झाली, ग्रामदेवतेस कौल लावला गेला, वृद्धांनी अन्नत्यागापर्यंत हट्ट धरला. ब्लॉकच्या खरेदीखताने जे झाले नव्हते ते या स्थलांतराने झाले, आणि त्या कुटुंबाचे घर गाव सोडून साष्टीत आले. दुसरीकडे आजही भाद्रपदात कोकणच्या गाड्यांना लोटणारी गर्दी सांगते की हे स्थलांतर सर्वांनी केलेले नाही, आणि दोन घरे मनात वागविणारा मुंबईकर अजून पुष्कळ उरला आहे.

२०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख आणि उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांहून अधिक लोक मोजले गेले. ज्याला आपण उपनगर म्हणतो तेच आता शहर आहे, आणि १९६०-७० च्या दशकांतील त्याच्या तीन-चार मजली इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. सदनिकांचे पैसे चुकते होऊन तीस-चाळीस वर्षे उलटली तरी जमीन मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्या नावावरच राहिली, असे शेकडो संस्थांच्या बाबतीत घडले; म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद कायद्यात करावी लागली. आता सर्वसाधारण सभेत वाढीव क्षेत्र, कॉर्पस, दोन-तीन वर्षांचे भाडे, वाहनतळ यांची घासाघीस होते, निम्म्याहून अधिक सभासदांच्या संमतीने जुनी वास्तू रिकामी होते, आणि मंडळी तात्पुरत्या बिऱ्हाडांत पांगतात. जुन्या, गळक्या, उद्वाहक नसलेल्या इमारतीत वृद्धांनी कायम राहावे असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. नवे घर हवे असणे हे रास्तच आहे. परंतु करारनाम्याच्या शेकडो कलमांत सामाईक गच्ची, दारापुढची मोकळी जागा, तळमजल्यावरील बालवाडी किंवा वाचनालय यांचा हिशेब बहुधा नसतो, कारण त्यांचे चौरस फूट कोणा एका सभासदाच्या नावावर पडत नाहीत. काही संस्था मात्र नव्या इमारतीत जुन्या मजल्यांचा क्रम राखावा, समोरासमोरची दारे समोरासमोरच राहावीत, अशी अट विकासकास घालतात. वाटाघाटीत ही अट प्रथम सोडली जाते असे ऐकतो, आणि माझी अशा सभासदांना कळकळीची विनंती आहे की पन्नास चौरस फूट कमी घ्यावे, पण ती सोडू नये.